सोडा म्हणेपर्यंत

९ जानेवारी १९७४
आज उठून बसलो. वही मागवली. वाशीमचा हा दवाखाना छोटा पण स्वच्छ आहे, खिडकीशी लिंब आहे. छातीत साचलेला पू ऑपरेशन करून काढला. बरगड्यांतून रबरी नळी बाहेर आली आहे. तिचं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडालेलं. श्वास घेतला की नळीत पाणी चढतं, सोडला की उतरतं. पाणी हलायचं थांबलं की फुप्फुस बरं झालं, मग नळी काढू, असं डॉक्टर म्हणाले. मग अनसिंगची शाळा, माझी बायको भागिरथा, घर.

शेजारच्या खाटेवर पंजाबराव, भाजीमळा करणारे. त्यांनाही नळी. म्हणाले, मास्तर, माह्या इंजिनाले असाच पाईप हाये, पण ते डिझेल पेते. त्यांचा श्वास अर्ध्यावर अडतो, मग पुढे जातो. बाटलीतलं पाणीही तसंच. त्यांची बायको सीताबाई हसून म्हणाली, अंधारातही ह्याच श्वासावरून यायले ओळखतो मी. तिनं मला मेथी-भाकर वाढली.

११ जानेवारी
पंजाबरावांचं पाणी थांबलं. उद्या नळी काढणार. ते नळीकडे बघत बसलेत. मध्येच विचारलं, मास्तर, काढताना आतलं बी संगं येते काय? नाही म्हणालो.

डॉक्टरांनी शिकवलं: नळी ओढताना श्वास भरून धरायचा, नाहीतर भोकातून हवा आत जाते. सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही. पंजाबराव दिवसभर सराव करत होते. गाल फुगवून माझ्याकडे बघत. मी सोडा म्हटलं की सोडत. त्याआधी नाही.

१२ जानेवारी
पंजाबराव गेले.

सीताबाईला दाराबाहेर काढलं होतं. ते तिकडेच बघत होते. मग पडदा ओढला. मला फक्त आवाज आले. धरा, ऐकू आलं. मग भोक आवळायच्या टाक्याचा धागा तुटला, असं कुणी म्हणालं, आणि जखम दाबायची घाई झाली. सोडा, असं ऐकू आलं नाही.

१३ जानेवारी
डॉक्टरांनी माझी छाती बोटांनी ठोकून पाहिली. फुप्फुस छान आहे म्हणाले. पाणी मात्र हलतं आहे. त्यांना समजेना.

ते गेल्यावर नीट पाहिलं. पाणी चढतं, अर्ध्यावर अडतं, मग पुढे जातं.

मी श्वास धरला. पाणी हलत राहिलं.

१४ जानेवारी
सीताबाई त्यांचा तांब्या आणि घोंगडं न्यायला आली. खाली वाकली, माझ्या बाटलीतलं पाणी दिसलं आणि वाकलेलीच राहिली. मग माझ्या खाटेला पाठ लावून बसली. हे त्येच हायेत, म्हणाली. रडली नाही.

१५ जानेवारी
रोज येते. दोघांपुरती भाकर आणते. बाटलीजवळ बसून मळ्यातलं सांगते: वांग्याले कीड पडली, इंजिन सुरू होऊन नाही राह्यलं. पाणी हलतं तोवर डॉक्टर नळी काढणार नाहीत. जखम चुरचुरते. पण नळी निघाली तर हेही थांबेल. तिला कसं सांगू.

१६ जानेवारी
ताप. नळीभोवती पुन्हा पू. भागिरथा येऊन गेली, नळी काहून नाही काढून राह्यले म्हणाली. 

माझाही श्वास आता अर्ध्यावर अडतो.

१७ जानेवारी
सीताबाईला सांगितलं. धरा म्हणाले होते, सोडा कुणी म्हणालं नाही. त्यांनी श्वास धरून ठेवलाय अजून.

तिनं माझ्या छातीकडे बघितलं. हे मास्तर बी कोनाचे तरी हायेत, म्हणाली. मग खाली वाकली. बाटलीला हात लावला. सोडा आता. मी अठीच हाये.

एक मोठा बुडबुडा. मग पाणी थांबलं.

तिनं पदर तोंडात धरला.

१८ जानेवारी
पाणी स्थिर. डॉक्टर खूश. आत्ताच काढतो म्हणाले. सीताबाईला आत राहू द्या म्हटलं. बाहेर काढलं. सोडा म्हणायला विसरू नका, असंही म्हटलं. हसले. लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून वही हातात राहू दिली—

पडदा ओढला. पट्टी—

धरा म्हणाले. धरला.

ओढली— कळ— धागा तुटला म्हणतात— सगळे जखमेवर वाकलेत— माझ्या तोंडाकडे कुणी— दाराबाहेर ती— सोडा असं अजून कुणी