वावर साफ होईस्तोवर

वाढोणा, ता. चांदूर बाजार
२ मार्च

ती. मामाजींना रागिणीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. आई, मी आणि अवनी बऱ्या आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर बोट घासणं तुम्हाला जमत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. जिनिंगच्या गिरणीत जन्मभर फिटरकी करून कान दिले, पण हात शाबूत आहेत असं तुम्हीच म्हणता. तेव्हा त्या हातांनी उत्तर द्या.

अवनीचे बाबा गेले त्याला दिवाळीत वर्ष झालं. डिंक्या रोगानं संत्र्याची बाग वाळली तेव्हा झाडं त्यांनीच तोडली, आणि खोडं खरवडून काढायचं ते जुनं मशीन तुमच्या सल्ल्यानं आणलं. अर्धं वावर झालं, आणि परतवाड्याच्या रस्त्यावर तो ट्रक आला. तेव्हापासून अर्ध्या वावरात खोडं तशीच उभी आहेत. लोक म्हणतात जेसीबी लाव. पण मामाजी, त्यांनी हाती घेतलेलं काम मला माझ्या हातानं पुरं करायचं आहे.

त्यानंतर मी मूर्तिजापूरला माहेरी जाणार. नितेशदादानं तिथल्या एका शाळेत माझ्यासाठी कारकुनाची जागा पाहिली आहे, अवनीचं नावही तिथेच घालू. शेत शेजारच्या शेषरावकाकांना ठेक्यानं देऊ. आईंना सोबत चला म्हटलं, तर लेकाच्या घराला कुलूप नाही लावत म्हणाल्या. मग मी सांगितलं, वावर साफ झालं की मी निघेन. त्या भाकरी थापत राहिल्या.

मशीन दोरी ओढल्यावर चालू होतं, धापा टाकतं आणि मरतं. काय करू ते कळवा. तुमची माया आहे, तिच्या भरवशावर आहे.

तुमची सून,
रागिणी

अकोला
८ मार्च

चि. रागिणीस गोवर्धनमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते मले सुचेना. ‘सौ.’ लिहायला हात गेला, दुसरं जे लिहितात ते लिहायची माझी छाती नाही. म्हणून नुसतं चि. लिहिलं. लेकीला पुरते तेवढं.

आता मशीन. वर्षभर टाकीत सडलेलं पेट्रोल म्हणजे काढा झाला, त्यावर कोण चालते? सगळं काढून टाक, नवीन भर. थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवून पाह्य, पाणी असलं तर खाली बसते आणि वर पेट्रोल तरंगते. पाण्याचा एक घोट गेला तरी इंजिन चालत नाही, ध्यानात ठेव. हवेची जाळी लाकडाच्या भुशानं बुजली असन, ती झटक. आणि खोड खरवडणाऱ्या दातांच्या चाकाजवळ हात नेण्याआधी प्लगची वायर काढून ठेवत जा. ती वायर निघाली का मशीन मेलेलं, कोणी दोरी ओढली तरी तुझी बोटं जागेवर.

अक्काला म्हण, तुझा बहिरा भाऊ अजून खातो-पितो. सुनबाईसाठी लोणच्याची बरणी पाठवतो, तुला नाही. आशीर्वाद आहेतच, ते जपून वापर.

तुझा,
गोवर्धनमामा

वाढोणा
२१ मार्च

ती. मामाजींना सा. न.

तुमचा काढा ओतून दिला आणि मशीन चाललं. पहिलं खोड भुसा होऊन उडालं तेव्हा ओल्या लाकडाचा जो वास आला, तो अवनीच्या बाबांच्या शर्टाला यायचा. मी चाक तसंच फिरतं ठेवून रडले. आवाजात कोणाला ऐकू आलं नाही, तेवढं बरं झालं.

आई रोज वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला येऊन बसतात, मी काय उघडते, काय लावते ते बघतात. तुमची पत्रंही मी त्यांना वाचून दाखवते. लोणच्याच्या गोष्टीवर त्या हसल्या. अवनीचे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असतील. तुमचं पत्र दोनदा वाचून घेतलं त्यांनी.

पण सुख टिकलं नाही. परवा मशीन पुन्हा बंद पडलं. बाटलीत पेट्रोल काढलं तर खाली पाणी. टाकीचं झाकण मी घट्ट लावलं होतं, पाऊस नाही, दहिवर नाही, मग पाणी आलं कुठून? सगळं काढून पुन्हा भरलं, तर आज प्लगची वायर निघालेली. ती मी लावली होती, मला पक्कं आठवतं. की माझंच डोकं ठिकाणावर नाही?

मायेनं रागवा, पण रागवा.

रागिणी

अकोला
२८ मार्च

चि. रागिणीस आशीर्वाद.

पोरी, डोकं तुझं ठिकाणावर आहे. मशीनला असे आजार एकामागून एक होत नाहीत. कोणीतरी हात लावून राहिलं आहे. शेषरावाला वावर ठेक्यानं पाहिजे ना? खोडं राहिली तर भाव पाडून मागीन, असं तर त्याच्या मनात नाही? माणूस भजनातला आहे, मोझरीच्या आश्रमात जातो, पण वावर पाहिलं का भजन विसरणारे लोक मी पाहिले आहेत. मशीनच्या खोलीला कुलूप घाल.

आणखी एक. चाकाच्या दातांचे नट रोज संध्याकाळी पान्ह्यानं कसत जा. नट सैल असले का मशीन खोड खात नाही, नुसतं घरघरते आणि दिवस वाया जाते. बाकी भिऊ नको.

अक्का धुऱ्यावर बसते हे वाचून बरं वाटलं. तिला उन्हात बसू देऊ नको, डोक्यावर ओला फडका ठेव म्हणा. तुमची सगळ्यांची याद येत राहते.

गोवर्धनमामा

वाढोणा
९ एप्रिल

ती. मामाजींना शि. सा. न.

शेषरावकाकांवरचा संशय मनातून काढून टाका. त्यांचा काही दोष नाही.

सोमवारी मशीन लावलं आणि खोडाला टेकवताच चाकाचा एक दात सुटून उडाला. माझ्या पायाजवळून गेला आणि मागच्या पंपाच्या खोलीचं टिन फोडून आत पडला. टिनाला भोक पडलं आहे, त्यातून हात जातो. मी मशीन बंद केलं, वायर काढली आणि बाकीचे नट पाहिले. आणखी दोन बोटानं फिरत होते. आदल्या संध्याकाळी ते मीच पान्ह्यानं कसले होते.

घरी येऊन जसं झालं तसं आईंना सांगितलं. त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. त्या माझ्यापुढे बसल्या आणि माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत चाचपून पाहिले, कुठे लागलं का म्हणून. मग उठल्या, ज्वारीच्या कोठीमागून पान्हा काढला आणि माझ्या हातात दिला. कुलपाची किल्ली तर त्यांच्याच कमरेला होती. पेट्रोलमध्ये पाणी त्यांनीच घातलं, वायर त्यांनीच काढली, नट त्यांनीच सैल केले. काय केलं की मशीन चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवलं माहीत आहे? तुम्ही लिहायचात आणि मी वाचून दाखवायचे.

मी विचारलं, काहून केलं आई? तेव्हा एवढंच बोलल्या:

“मशीन चाललं तं तू जाशीन.”

मामाजी, दात उडतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, मशीन नुसतं घरघरत राहील आणि दिवस जातील. त्या दिवसापासून धड जेवत नाहीत. अवनीला जवळ घेत नाहीत, माझा हात खराब आहे म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही, हेच जास्त जड जातं. मी राहू का? नोकरीला नाही म्हणून कळवते. तुम्ही थोरले आहात, तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
रागिणी

अकोला
१५ एप्रिल

ती. माणिकअक्कास गोवर्धनचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र सुनेला वाचू देऊ नको, तू वाच. चौथी शिकली आहेस.

नट सैल असला का दात गोळीसारखा उडते, हे मले माहीत होतं. गिरणीत पाहिलं आहे. मी ते लिहिलं नाही, पोरगी भिऊन काम सोडीन म्हणून. तुला ते समजलं असतं तर तू पान्ह्याला शिवली नसती. तेव्हा हे पाप एकट्या तुझ्या डोक्यावर घेऊ नको, अर्धं माझं आहे. जेव आधी.

मी अकोल्याला नोकरीला निघालो तेव्हाही तू माझ्या सायकलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती. मी तशीच ढकलत स्टेशनवर नेली. जाणारा जाते, अक्का. तुझा माणूस गेला, पोरगा गेला, आता नातही चालली. तुला कसं होत असन ते मी इथे बसून काय सांगू? माझ्यानं लिहवत नाही.

पण रागिणीनं मला विचारलं आहे, राहू का म्हणून. मी तिला उत्तर देत नाही. माझा तो हक्क नाही. ती राहीन, मी सांगितलं तर राहीन, तशीच आहे ती. उत्तर तू दे. जे देशीन ते मी मान्य करीन.

तुझा लहान भाऊ,
गोवर्धन

वाढोणा
२२ जून

चि. गोवर्धनले अक्काचे आशीर्वाद.

माहं अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय, वाचून घेजो. उत्तर द्याले उशीर झाला. आता घरात वेळच वेळ हाय.

पोरीनं मले इचारलं नाही, तुले इचारलं, याचा मले राग आला होता. मंग समजलं. मले इचारलं असतं तं म्या राह्य म्हनलं असतं, आन् ते तिले माहीत होतं. तुहं पत्र वाचून म्या रातभर इचार केला. सकाळी चुलीपाशी तिले सांगतलं, का बाई तू जाय. माह्या म्हातारपणाले तुही जवानी काहून बांधतं? तिकडं कोणी चांगला मानूस भेटला तं तेबी कर, माह्याकडून ना नाही. ती रडली. म्या नाही रडली. म्या रडली असती तं ती गेली नसती.

उरलेली खोडं आमी दोघीनं काढली. नट मी कसायची, ती तपासायची. एकबी दात हालला नाही. शेवटच्या खोडाले हळद-कुंकू वाह्यलं आन् बाजूले उभी राह्यली. आता वावर नाल्यापर्यंत साफ हाय, मधात डोळ्याले काहीच आडवत नाही. मले ते पाहवत नाही.

त्या दोघीची एस. टी. गेल्यावर घरी आली आन् सवयीनं तिघींच्या भाकरी टाकल्या. दुसऱ्या दिवशीबी टाकल्या. आता गाय खाते.

नंतरच्या पत्रात तू म्हनतं मशीन इकून टाक. शेषरावबी मागून राह्यला. आता नको, भाऊ. सकाळी मी ते बाहीर काढून दोरी ओढतो. खांदा लय दुखते, पन चालू होते. खोड तं एकबी राह्यलं नाही, नुसतं घरघरते. लोक म्हनतात बुढी येडी झाली. म्हनू दे. ते चालू असलं का मले वाटते, माहा रोहित वावरात हाय, रागिणी त्याची शिदोरी घेऊन गेली हाय, पोट्टी तिच्या मांगं पळून राह्यली, आन् आता घडीभरात सगळे घरी येतीन. मी चुलीवर चहा ठेवतो.

पेट्रोल सरलं का बंद पडते.

जमलं तं येऊन जाजो. भाऊ हाय, एवढं तं राहू दे.

तुही,
माणिकअक्का