मुठीत मावणारं वल्हं

आबा, नातीसाठी वल्हं निवडायचं होतं आणि विचारायला तुम्ही नव्हता. ते काम आता होऊन गेलंय, पण तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले आहे. मी लातूरलाच असते. ह्यांच्या माघारी एकटीच. शाळेतून निवृत्त झाले, मुलगा परदेशात स्थिरावला, आणि तीन खोल्यांच्या घरात दिवसभर माझाच काय तो आवाज. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. येतं तेव्हा अख्खी गल्ली हातातलं काम टाकून धावते. अशा गावात बसून मी गेला महिनाभर नावेचा विचार करत होते. तुम्ही असता तर हसला असता.

मुलगा राहतो तिकडे जागोजागी तळी आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान पोरांना नाव चालवायला शिकवतात. कनू म्हणतात तिला. लांबट, हलकी, आपल्या डोंग्यासारखीच. नातवाला काही अडचण आली नाही, तो अंगाने दांडगा आहे. नात मात्र पाच वर्षांची. पहिल्याच दिवशी रडत घरी आली आणि आता नावेत पायच ठेवत नाही, असं सांगायला मुलाचा फोन आला. एरवी तो रविवारी करतो आणि गोळ्या घेतल्या का, एवढं विचारतो. त्या दिवशी मधल्याच वारी केला. "आई, तुझे वडील नाव चालवायचे ना? ही पाण्याला घाबरते. काय करू?" मी विचारलं, "वल्हं कसं घेतलंस?" तो म्हणाला, "थोडं मोठंच घेतलं. पुढची दोन-तीन वर्षं चालेल." जसे बूट घेतात, तसं.

मला एकदम आपला घाट दिसला. बिलोलीकडची मांजरा नदी, पलीकडच्या काठावर तेलुगू बोलणारी माणसं बाजाराच्या गाठोड्यांसकट ताटकळलेली, आणि तुम्ही लिंबाखाली भाकरी खायला बसलेले. मी दुसरीत असेन. नावेची दोरी सोडते, तुमचं वल्हं उचलते. दांडा इतका जाड की माझी बोटं अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत, म्हणून मी ते कवेत धरते. काठाकाठाने जमतं. जरा आत गेल्यावर धारेने पातं धरलं, वल्ह्याबरोबर मी पाण्यात. तुम्ही धोतरासकट उडी टाकलीत. काठावर आणून मला पालथी केलीत, पाणी काढलंत. मी मार खायची वाट बघत डोळे मिटून पडले होते. तुम्ही फक्त विचारलंत, "वल्हं का सोडलं न्हाईस?" मी म्हणाले, "वाहून गेलं असतं तुमचं." त्यावर तुम्ही नदीकडे तोंड करून उभे राहिलात. मग म्हणालात, "लाकूड गेलं तर लाकूड भेटतंय, पोरी." तेवढंच. त्याहून मोठं रागावणं मला आठवत नाही, आणि ते अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिवणीच्या लाकडाच्या चार-पाच काठ्या घेऊन ओसरीवर बसला होता. "मूठ दाव," म्हणालात. माझा हात धरून एकेका काठीभोवती बोटं वळवून बघत होता. अंगठा मधल्या बोटाला टेकेना तेव्हा काठी बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची. आई चुलीपासून ओरडली, "आता तिला नावाडी करून राहिले का तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "पाण्यात तर ती जाणारच हाय. मग नीट जाऊ दे." मग मला नावेच्या फळीवर बसवून, फळीपासून नाकापर्यंत काठी धरून खूण केलीत. पातं अरुंद ठेवलंत, माझ्या तळहाताहून थोडंच रुंद. तुमच्या हातांना नदीचा आणि विडीचा वास येत होता. माझा हात इतका वेळ कुणी धरून ठेवल्याचं, आबा, मला त्यानंतर फारसं आठवत नाही.

हे सगळं मुलाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तिची मूठ केवढी आहे, ते बघ." तो म्हणाला, "असते तेवढीच, आई. नॉर्मल." आणि तेव्हा लक्षात आलं की मलाही माहीत नाही. ती जन्मली तेव्हा मी दोन महिने तिथे होते. त्यानंतर ती इकडे आली नाही, मला गुडघ्यांमुळे जाता आलं नाही. मी म्हटलं, तिला फोनवर दाखव. तिने मूठ धरली ती अगदी कॅमेऱ्यासमोर, अख्खी काच भरून. त्यातून काय कळणार? मी म्हणाले, घरातल्या वस्तू हातात दे एकेक. चमचा झाला, केरसुणी झाली, छत्री झाली. तिला गंमत वाटायला लागली, हसायला लागली. ती मला आज्जी म्हणते, पण त्यापुढे तिचं मराठी जात नाही आणि माझं इंग्रजी शाळेच्या फळ्याइतकंच. त्या खेळाला मात्र भाषा लागली नाही. शेवटी सुनेने लाटणं दिलं. त्यावर तिचा अंगठा बोटाला बरोबर टेकला. ते लाटणं मीच पाठवलेलं, इथल्या गंजगोलाईच्या बाजारातून दोन एकसारखी घेतली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, माझं लाटणं हातात धरलं. माझ्या मुठीत ते सैल राहत होतं. उरलेल्या तेवढ्या जागेत नात मावत होती. मी ते धरून तिथेच ओट्यापाशी उभी राहिले. मुलगा फोनवरून "आई, आहेस ना?" म्हणत होता.

तो खरंच लाटणं घेऊन दुकानात गेला. बारीक दांड्याचं लाकडी वल्हं मिळालं. लांबीचं माझं माप मात्र चुकलं. तुमची फळी उंच होती, तिकडच्या नावेत पोरं गुडघ्यांवर बसतात, म्हणून तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी आणखी आखूड घ्यायला लावलं. तेवढे दिवस त्याचा रोज फोन येत होता. पातं केवढं हवं, वरचा हात कुठे, खालचा कुठे. मी रोज दुपारी वामकुक्षी न घेता फोनची वाट बघत बसून राहायची. नव्या वल्ह्याच्या पहिल्या दिवशी ती काठाला धरूनच बसली. मग एका संध्याकाळी त्याने व्हिडिओ पाठवला. तांबडं जॅकेट घातलेली, जीभ दातांत धरून, सरळ पाण्यातून निघालेली. मागे वळूनसुद्धा बघत नाही. मी तो शेजारणीला दाखवला. ती म्हणाली, "लई छान वो."

आता घाटावर पूल आहे. तो झाल्यावर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घाटावर कुणाचं पत्र आलं की तुम्ही मला हाक मारायचात. म्हणजे हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्यासमोर पुढचं माझ्याकडून वाचलं गेलं नसतं. फोन आता पुन्हा रविवारचाच झाला. परवा रविवार होता. मुलाने गोळ्यांचं विचारलं. मी विचारलं, वल्हं कसं आहे? तो म्हणाला, "एकदम मस्त, आई. काही प्रॉब्लेमच नाही." मी म्हणाले, छान झालं. फोन ठेवला आणि वाटलं, आबा, त्या वल्ह्यात थोडीतरी खोट निघायला हवी होती.