पाण्यापुढचं शून्य

प्रिय दीपमाला,

काल सभेत मधेच थांबले. ‘पुराव्याशिवाय काही मानू नका,’ हे माझं नेहमीचं वाक्य. ते म्हणाले आणि पुढचं सुचेना. लोकांना वाटलं, मुलगा हरवलाय, बाई थकल्या. मला सावरायला टाळ्या वाजवल्या त्यांनी. त्या अजून कानात आहेत.

तेजसची स्कूटर खडकवासल्याच्या काठावर सापडली तेव्हा तू नकाशा मांडलास. धरणाचं पाणी, सिंहगडाचे उतार, स्वारगेटहून सुटणाऱ्या बसचे रस्ते. प्रत्येक जागेपुढे तो तिथे असण्याचा आपापला अंदाज आम्ही टक्क्यांत लिहायचा, तू ते गुणून एक करायचीस. शोधपथक एखाद्या जागेहून रिकामं परतलं की तिचा आकडा उतरायचा, बाकीच्यांचा चढायचा. आधीची समज धरून निघायचं आणि पुरावा येईल तशी ती बदलायची. आयुष्यभर व्यासपीठावरून मी तरी वेगळं काय सांगितलं?

बाबांनी पाण्यापुढे चाळीस टक्के लिहिले. मी शून्य. तू हळूच म्हणालीस, आई, एक तरी लिही; शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, मग कुठलाच पुरावा त्याला हलवू शकत नाही. मी म्हणाले, त्याला उत्तम पोहता येतं, विषय संपला. तू ते शून्य तसंच ठेवलंस; गुणाकारात पाणी बाद झालं. पथक डोंगर चढत राहिलं. उतार रिकामे निघाले. स्वारगेटला दिसलेला मुलगा दुसऱ्याच कुणाचा होता. आता नकाशावर उरली आहे ती फक्त निळी जागा.

इथे धायरीत लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते. मी दार उघडते. कुणी नसतं. त्याच्या हेल्मेटची खुंटी मी कुणाला वापरू देत नाही.

आज पाण्याचा जार आला. स्कूटर सापडल्यापासून मी नळाचं पाणी प्यायलेली नाही, भातालाही घेत नाही. बाबांनी जार ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या कोरड्या आवाजात म्हणाले, “पाण्यात शून्य ना, सत्यशीलाबाई? मग नळाला खडकवासलाच येतो. प्या की.” मी ग्लास भरला. ओठांपर्यंत नेता आला नाही.

हाही पुरावाच ना गं? पाणबुडे सोमवारपर्यंतच आहेत. फोनवर मला हे बोलवणार नाही, म्हणून पथकातला फैझल तुमचे डबे तळावर न्यायला येईल त्याच्या हाती ही चिठ्ठी देते. माझं शून्य खोड. एक लिही.

तुझीच,
आई