सॉना पेटवण्याआधी वाच

नॉर्थम्बरलँड,
मंगळवार, २९ जुलै, सकाळचे सहा

आसावरी,

नमस्कार. आधी 'सप्रेम' लिहावं की नाही यावर दहा मिनिटं घालवली, मग उठून चहा केला. चहाची पूड वरच्या कपाटात डाव्या हाताला आहे. साखर संपत आली आहे, येताना घेऊन ये असं सांगायला आता उशीर झाला.

ठरल्याप्रमाणे मी अकराला निघतो. तू एक-दीडपर्यंत पोचशील. मधले दोन तास दिया एकटी असेल, पण तिच्याकडे पुस्तक आहे आणि घराचा मालक, एलन, वरच्याच शेतावर राहतो. इथे मोबाइलला रेंज नाही. एलनकडे लँडलाइन आहे, तो वापरू देतो. म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर रेंज असती तरी हे व्हॉट्सअॅपवर लिहिलं नसतं. दियाला देवनागरी वाचता येत नाही याचं आपण दोघांनी किती वाईट वाटून घेतलं होतं. आज ते सोयीचं झालं आहे.

जानेवारीत आपण हे घर आठवड्यासाठी घेतलं, तेव्हा दियाची परीक्षा संपल्यावर तिघांनी यायचं होतं. मार्चमध्ये आपलं वेगळं व्हायचं नक्की झालं आणि बुकिंग काही रद्द होईना. मग शनिवार ते मंगळवार मी, मंगळवार ते शनिवार तू, आणि दिया दोघांच्याही वाट्याला. शुक्रवारपर्यंत एडिनबराच्या शाळेचा फॉर्म भरायचा आहे: ती तिकडे माझ्याकडे येणार की ब्रॅकनेलला तुझ्याकडेच राहणार. ते आपण तिच्यावर सोडलं होतं. निदान तसं म्हणालो होतो.

हे घर तू सॉनासाठी निवडलं होतंस, म्हणून आधी सॉनाचं सांगतो.

बागेच्या टोकाला एक मोठं लाकडी पिंप आडवं ठेवलं आहे, तोच सॉना. आत दोन फळ्या, एक वर आणि एक खाली, दाराशेजारी लाकडावर चालणारा स्टोव्ह आणि त्यावर दगड. तापायला तासभर लागतो, तेव्हा कपडे बदलून थांबू नकोस. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडायची, मग बारीक ढलप्या, त्या धरल्या की मधली लाकडं. फक्त शेडमधली सुकी लाकडं घाल. पिझ्झाचे खोके, रंगवलेल्या फळ्या असलं काही नको. काटा सत्तरवर आला की पुरे. एलन नव्वदला बसतो, पण तो बर्फात मेंढ्या शोधत हिंडणारा माणूस आहे, त्याचं आपण ऐकायचं नाही.

आत जाण्याआधी दोन ग्लास पाणी पी. पोट भरलेलं नको आणि रिकामंही नको. तू अजून मंगळवार करत असशील तर आज सॉना नकोच, उद्या कर. तुझं बीपी मुळात कमी, म्हणून खालच्या फळीवर बस, सात-आठ मिनिटं पुष्कळ झाली. उठण्याआधी जरा पाय खाली सोडून बसायचं. ताडकन उठायची तुझी सवय इथे चालणार नाही. बांगडी, कानातलं, चष्मा सगळं बाहेर ठेव, धातू तापतो. पिऊन आत जायचं नाही, हा नियम तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी होता. मी तो पाळला.

दगडांवर पाणी टाकायचं ते अर्धा डाव, आणि हात लांब ठेवून, कारण वाफ सरळ तोंडावर येते. मग बाहेर येऊन दहा मिनिटं गार हवेत बसायचं, पुन्हा पाणी प्यायचं, आणि वाटलं तरच दुसरी खेप. बाहेर खांबाला एक लाकडी बादली टांगली आहे. दोरी ओढली की सगळं गार पाणी डोक्यावर येतं. शनिवारी दिया एकदा किंचाळली आणि मग सहा वेळा भरून ओढली. इतकी हसत होती की मीही ओढली. नंतर आम्ही टॉवेल गुंडाळून पायरीवर बसलो, समोर दगडी कुंपण आणि मेंढ्या. डोक्यातलं सगळं निघून जातं. तुला आवडेल. मला खात्री आहे.

राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, पत्र्याच्या बादलीत काढायची. आणि दाराच्या वाटेत काही ठेवायचं नाही, टॉवेलसुद्धा नाही. कोणाला बाहेर जावंसं वाटलं तर त्याने उठायचं आणि जायचं, का म्हणून विचारायचं नाही. एलनने हे दोनदा सांगितलं. तो बाकी काहीच दोनदा सांगत नाही.

आता तेलाचं. तेल लावून आत जायचं नाही. मला वाटलं, अंग शेकायचं, मग अंघोळ करायची, म्हणजे आधी तेल हवंच. पुण्याहून आणलेली तिळाच्या तेलाची बाटली मी हौसेने बरोबर घेऊन आलो होतो. रविवारी दुपारी दियाच्या डोक्याला मी तेल लावलं, हातापायांना तिचं तिने, दिवाळीत लावतो तसं. मला छान वाटत होतं. पण आत गेल्यावर फळ्या तेलकट झाल्या आणि तळवे बुळबुळीत. दुसऱ्या खेपेला वरच्या फळीवरून उतरताना दिया घसरली आणि तिचा डावा हात स्टोव्हवर टेकला. कोपराच्या खाली काडेपेटीएवढं भाजलं आहे.

घाबरू नकोस. लगेच नळाखाली हात धरला, वीस मिनिटं. एलनच्या बायकोने स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म वर गुंडाळून दिली आणि आम्ही जवळच्या गावातल्या मायनर इंज्युरीज युनिटमध्ये गेलो. नर्स म्हणाली, वरवरचं आहे, डाग बहुधा राहणार नाही. ड्रेसिंग गुरुवारी बदलायचं, सामान बाथरूमच्या खिडकीत ठेवलं आहे. काल पट्टी सुटली तर नावाचा सुश्रुत असून मला ती धड बांधता आली नाही. तिने दात आणि एक हात वापरून स्वतःच बांधली.

इथे हे पत्र संपायचं होतं. म्हणजे दियाने तसं ठरवलं होतं. युनिटमधून परत येताना ती म्हणाली, आईला तेलाचं सांगू, बाकीचं नको. बाकीचं कळलं तर आई मला तुझ्याकडे पाठवणारच नाही. मला तिचं पटलं होतं. वर लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणून ते खोडत नाही. पण ते पुरं नाही.

मी खालच्या फळीवर दाराजवळ बसलो होतो, पाय समोर पसरून. दिया वर होती. आठ मिनिटं झाली असतील. मी तिला विचारलं, काय ठरवलंस? मुद्दाम तिथे विचारलं, आसावरी. घरात विचारलं की ती कानात इअरफोन घालते किंवा खोलीत निघून जाते. सॉनात फोन नव्हता आणि खोलीही नव्हती. माझ्या तीन दिवसांतला दीड संपला होता आणि मला धीर नव्हता. ती म्हणाली, बाहेर गेल्यावर बोलू. मी म्हटलं, दोनच मिनिटं, आणि दगडांवर अजून एक डाव पाणी टाकलं. मग ती उठली आणि म्हणाली, "बाबा, मला बाहेर जायचा आहे."

मी ते ऐकलं. मी पाय बाजूला घेतले नाहीत. हसत होतो, गंमत केल्यासारखं. आधी उत्तर दे, मग सोडतो, असं काहीतरी म्हणालोही. तेव्हा ती माझ्या पायांना वळसा घालून स्टोव्हच्या बाजूने उतरायला गेली.

घसरली ती तेलाने. पण त्या बाजूला गेली ती माझ्यामुळे. मला याची लाज वाटते. आपलं मोडलं तेव्हा वाईट वाटलं होतं, राग आला होता, लाज नव्हती वाटली. हे कळल्यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे आणि वकिलाला काय सांगशील तेही. तरी लिहिलं, कारण नाही लिहिलं तर सोळाव्या वर्षी तिला माझ्यासाठी खोटं बोलायला लागेल, आणि ती ते चांगलं बोलेल.

नळाखाली मी तिचा हात धरून उभा होतो. पहिली पाच मिनिटं ती रडली. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "आई पण असंच करते. कारमध्ये विचारते, मोटरवेवर. तिकडून पण बाहेर जाता येत नाही."

तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. थोडं त्यासाठीही लिहीत असेन. पण मुख्य म्हणजे शनिवारी परत जाताना तुम्हाला गाडीत साडेपाच तास काढायचे आहेत, म्हणून आधी सांगितलं.

उत्तर तिने त्यानंतर दिलं, मी न विचारता. तुला मीच कळवावं असंही म्हणाली. अजून एक पडलेला चेहरा बघायची तिची तयारी नाही. उत्तर असं, की ती एडिनबराला येणार. भाजण्याआधीच ठरलं होतं आणि भाजल्यावरही बदललं नाही. मी कारण विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं. "आईकडे खूप लोक आहेत. स्वाती मावशी आहे, मंडळ आहे. तू रोज लॅपटॉपसमोर जेवतो. कोणीतरी पाहिजे ना तुझ्याकडे."

मी विचारलं, आणि तुझ्या मैत्रिणी, तिकडचं कॉलेज? ती म्हणाली, व्हिडिओ कॉल करीन. हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

मार्चपासून मी हेच ऐकायची वाट बघत होतो. ऐकलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. सोमवारी दुपारपर्यंत तो टिकला. दुपारी ती पायरीवर बसून, एका हाताने, ब्रॅकनेलमधल्या मैत्रिणींचे जुने फोटो बघत होती. मी मागून आलेलं तिला कळलं नाही. तिला यायचं नाही आहे, आसावरी. ती मला सोबत म्हणून येणार आहे.

काल संध्याकाळी आम्ही बाहेर कुंपणापाशी बसलो होतो, चारी बाजूंनी मोकळं. मी तिला सांगितलं की तू आईकडेच राहा, तिकडचंच कॉलेज कर. तिला राग आला. "मी नको आहे का तुला?" म्हणाली. मी म्हटलं, हवी आहेस, प्रत्येक सुट्टीत हवी आहेस, पण राहायला माझ्याकडे येऊ नकोस. मग तू एकटा काय करणार, हे तिने विचारलंच. मी म्हटलं, एकटा कुठे असतो मी? दर गुरुवारी बॅडमिंटनला जातो. परीक्षित नावाचा एक जण आहे ऑफिसातला, आणि युनिव्हर्सिटीतले दोघंतिघं. खेळून झालं की सगळे तिथेच जेवतो, घरी यायला दहा वाजतात.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी डोळे हलवले नाहीत. मग "ओके" म्हणाली, आणि थोड्या वेळाने निधी नावाच्या मैत्रिणीबद्दल सांगायला लागली. तिला आणि निधीला एकच विषय घ्यायचे आहेत, दोघींनी बस पण बघून ठेवली होती. जेवण होईपर्यंत तेच चाललं होतं. इतकं बोलताना मी तिला या तीन दिवसांत ऐकलं नव्हतं.

तेव्हा शाळेचा फॉर्म मी भरणार नाही. हाताबद्दल तुला जे बोलायचं ते मला बोल, मी ऐकून घेईन, फक्त तिच्यासमोर नको.

आणि एक काम आहे. ती हुशार आहे, आज ना उद्या तुला विचारून खात्री करून घेईल. मी कुठेही जात नाही, आसावरी. माझ्याकडे रॅकेट नाही. परीक्षित नावाचा माणूस मला माहीत नाही. पण तिने विचारलं तर तुला हे आधीपासून माहीत आहे. दर गुरुवारी, साडेसातला.

सुश्रुत