हॉलंडला दाखवायचा टोमॅटो

१० फेब्रुवारी १९८६
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, बायकोला तर मुळीच नाही.
संकल्प तीन. एक, चिडायचं नाही. दोन, या दुष्काळात तेरमध्ये हरितगृह उभारून टोमॅटो पिकवायचा. तीन, ती विद्या परदेशात पाठवायची. शेतकी खात्यात एकोणीस वर्षं काढली ती काय माशा मारायला? हॉलंडात काचघरात शेती चालते असं खात्याच्या मासिकात वाचलंय. आपण प्लास्टिकच्या घरात करू, घागरभर पाण्यात करू, भागीदारी करू आणि हॉलंडवाल्यांना कमी पाण्याची शेती शिकवू. त्यांच्याकडं पाणी लई आहे म्हणतात. ती त्यांची अडचण.

१२ फेब्रुवारी
संस्था काढली. तेर हरितगृह विद्या निर्यात सहकारी संस्था, नियोजित. चेअरमन मी. सभासद बायको, केशर. तिला विचारलं नाही, उगाच चर्चा वाढते. शिक्का बनवून आणला. मुंबईतल्या एका डच कंपनीला पत्र धाडलं. शिक्का तीन ठिकाणी मारला.

२२ फेब्रुवारी
परसात हरितगृह उभं. बांबू घरचे, प्लास्टिक उमरग्याच्या शांतलिंग व्यापाऱ्याचं. चाळीस रोपं लावली. शेजारचा ज्ञानोबा कुडावरून डोकावून म्हणाला, नानासाहेब, हे कागदाचं खोपटं कशापायी? कोंबड्या पाळायच्यात व्हय?
गावात प्लास्टिकलाही कागदच म्हणतात. संध्याकाळपर्यंत सगळं गाव कागदाचं खोपटं म्हणायला लागलं. हरितगृह म्हणा, हरितगृह! चिडलो नाही. फक्त ओरडलो.

९ मार्च, दुपारी २
बाहेर अडतीस, आत त्रेपन्न. थर्मामीटर खराब निघाला. शांतलिंगला शिव्या घालून दुसरा मागवला.

११ मार्च
दुसऱ्यातही त्रेपन्न. दोन्ही खराब. हल्ली माल कसला मिळतो!
आमच्या शेतात कामाला येणारी धुरपदाबाई म्हणाली, मालक, खिडक्या पाडा की, रोपं गुदमरायलीत. तिला शांतपणे समजावलं की हॉलंडात एक फट ठेवत नाहीत, गारठा शिरतो. ती म्हणाली, मग हितं कुठं हाय गारठा? आता हिला भूगोल कोण शिकवणार?

१९ मार्च
टँकर दिवसाआड. त्यातल्या दोन घागरी संस्थेच्या. पहिल्याच घागरीला केशर म्हणाली होती, माणसांना प्यायला पाणी न्हाय आन् रोपांचे लाड चाललेत. मी म्हणालो, आज अंघोळ सोडली तर उद्या हॉलंड मिळेल. ती म्हणाली, मग तुम्हीच सोडा.
सोडली. आज बारावा दिवस. ज्ञानोबा कुडापासून चार हात लांब उभा राहून बोलतो. अपमान सगळा लक्षात ठेवतोय.

२ एप्रिल
एकोणचाळीस रोपं वाळली. रागानं डोकं भणभणतंय. बियाणं खोटं, खत खोटं, ऊन तर हरामखोर. एक रोप मात्र जोमात! कोपऱ्यातलं. शेळीनं प्लास्टिक फाडलंय ना, तिथलं. म्हणजे पद्धत अचूक आहे, बाकीची रोपंच नालायक होती. ती फट तेवढी शिवायला हवी. दाभण सापडत नाही. केशरनं लपवलाय, दुसरं कोण.

१४ एप्रिल
टोमॅटो धरला! एकच. सुपारीएवढा, हिरवा. असू दे. नमुना एकच लागतो.
आनंदानं सांगायला वळलो तर आत बाजेवर माझं धोतर अंथरून केशर आणि धुरपदाबाई कुरडया घालतायत! संशोधन केंद्रात वाळवण! तोंडाला फेस येईस्तोवर ओरडलो. केशर म्हणाली, इथं धूळ न्हाय, कावळा न्हाय, दुपारपर्यंत कुरडई खडखडीत. उगा रिकामं तापतंय.

१७ एप्रिल
गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया आत. कुरडया, पापड, खारोड्या. चेअरमनला पाय ठेवायला जागा नाही. लई बोललो. मथुराकाकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आला हैस तर तेवढ्या खारोड्या उलथ.
उलथल्या. वयाचा मान ठेवावा लागतो.

२६ एप्रिल
डच कंपनीचं उत्तर! एकच ओळ: आपलं पत्र मिळालं. याला म्हणतात धंद्याची भाषा. होकारच आहे.

३ मे
गावात गोरा साहेब आलाय आणि तो हॉलंडचा आहे! धाराशिवच्या कॉलेजातले एक मास्तर दुभाषे म्हणून सोबत. तेरची जुनी खापरं बघायला आलाय म्हणे. हे नुसतं लोकांना सांगायचं कारण. मोठे व्यापारी असेच गुपचूप चौकशी करतात. स्टँडवर गाठून परवाचं जेवणाचं आवतन दिलं.
टोमॅटो लाल होतोय.

५ मे, सकाळी ८
टोमॅटो लालबुंद. डोळे भरून आले. तीन महिने गावानं हसून घेतलं, आज त्यांची तोंडं बंद करतो. अंघोळ केली.
केशरला बजावलं, साहेब जेवायला येतोय, हात आखडू नको, घरात-परसात असेल नसेल ते सगळं घाल. ती म्हणाली, सगळं? मी ओरडलो, सगळं म्हणजे सगळं!

५ मे, दुपारी ४
रोजनिशी फाडून टाकावीशी वाटतेय. तरी लिहितो.
जेवणात पिठलं, भाकरी, कुरडई आणि सार. सार काय झालं होतं! साहेबाला तिखट लागलं, त्यानं वाटी बाजूला सारली. मी माझी दोनदा प्यालो, मग त्याचीही संपवली. केशरची तारीफसुद्धा केली. मग साहेबाला हरितगृहात नेलं, मास्तरांना म्हणालो, आता इंग्रजीत नीट सांगा, आणि पानं बाजूला केली.
नुसतं देठ.
घरात येऊन विचारलं. केशर शांतपणे म्हणाली, तुम्हीच म्हणालात सगळं. पाहुण्याला नुसतं पिठलं कसं वाढायचं?
तीन महिने. चाळीस रोपं. हॉलंड. आणि प्यालो मी! कुणावर ओरडू? ओरडायला तोंड उघडलं तर ढेकर आला.
साहेबानं आतल्या कुरडयांचे फोटो काढले. केशरनं त्याला डबाभर बांधून दिल्या.

२१ जून
हॉलंडचं पत्र आलं! पाकिटावर नाव केशरचं. आत फोटो: केशर, धुरपदाबाई, कुरडया. कडेला एक कोपर आहे, ते माझं. मास्तरांनी मजकूर सांगितला. साहेबाच्या बायकोला कुरडया फार आवडल्या. कशा करतात, कशा वाळवतात, सविस्तर कळवावं.
रात्री केशर सांगत गेली, मी लिहीत गेलो. मास्तर इंग्रजी करून देणार आहेत. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यानं कुरडया पाडायच्या. मग वाळवण. मी लिहिलं: हरितगृहात वाळवावे.
केशर म्हणाली, काय लिहिलंत, वाचा. वाचलं. ती म्हणाली, खोडा ते, त्यांना कळंल असं लिहा.
खोडलं. लिहिलं: कागदाच्या खोपटात.
खाली सही तिची. शिक्का मारू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, मारा, पण लहान मारा.