फेमकेच्या खोलीचा पडदा

विबे,

फेमके चार वाजता आपल्याकडे राहायला येतेय आणि मी शिवून झालेला पडदा उसवून बसलेय! सकाळी बालगृहातल्या बाईंचा फोन आला, "पोरीला अंधाराची फार भीती वाटते हं." म्हणून आतलं जाड काळं अस्तर काढून टाकलं. आता नुसतं पिवळं लिनन टांगलंय. गोंड्यांची झालर अर्धीच लागलीये, टाचण्या तशाच आहेत, हात लावू नकोस. दोरा संपला, कालव्यापलीकडच्या दुकानात पळतेय.

मला उशीर झाला तर दार तू उघड. योस्त आला होता तेव्हा खोलीतलं सगळं आपणच ठरवलं, आणि तीन आठवड्यांत तो परत गेला. हिला आधी विचार, पडदा ओढू की उघडा ठेवू? म्हणेल तसंच कर.

खेर्डिन