काठाकाठानं गाडी

आई, तुझी नात येत्या उन्हाळ्यात हिमालयातल्या नद्यांत होडी घालणार आहे. होडी म्हणजे तू पाहिलेली, पैठणची, दहा माणसं आणि दोन शेळ्या पैलतीरी नेणारी नव्हे. ही एकटीची असते, चवळीच्या शेंगेसारखी अरुंद. तिच्यात कमरेपर्यंत घुसायचं, वरून एक रबरी घागरा ताणून बसवायचा म्हणजे आत पाणी येत नाही, आणि दुतोंडी वल्हं मारत खडकांमधून उसळत्या पाण्याबरोबर खाली जायचं. तिला कयाक म्हणतात. ती उलटली तर डोकं पाण्याखाली असताना, बसल्या जागी, कमरेला हिसका देऊन सुलटं व्हायचं असतं. ही विद्या तुझी नात पोहण्याच्या तलावात शिकली. तुझी सून म्हणते, "मुळात उलटं व्हायचंच कशाला?" न्यायशास्त्राच्या दृष्टीनं प्रश्न निर्दोष आहे.

तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस आणि मग ती झाली, जणू दारातच दोघींची चुकामूक झाली. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा पोळ्यांचा डबा बाजूला सारते आणि नकाशे पसरते. नदी कुठं वळते, कुठं अरुंद होते, रस्ता कुठवर तिच्या बाजूनं जातो आणि कुठं डोंगरावर निघून जातो, हे सगळं लाल पेन्सिलीनं. बर्फ वितळतं म्हणून दुपारी पाणी चढतं, तेव्हा सकाळीच उतरायचं. या नद्या तिनं आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी आधी पाहिलेल्या नाहीत, म्हणून पुढचं दिसत नसेल तिथं आधी काठावर उतरून बघायचं. परवा म्हणाली, "बाबा, पहिली टोन्स करायची." मी म्हणालो, "टोन्स काय म्हणतेस, तमसा म्हण." ती म्हणाली, "बरं, तमसा. ग्रेड थ्री आहे, मधे एक फोर." पाणी किती खवळलेलं, त्याचे हे आकडे. आता तमसा, अलकनंदा या माझ्या नद्या. उभी हयात मी त्या संस्कृतच्या वर्गात वाहवल्या, फळ्यावर, खडूनं. माझ्या हातून त्यांचा एक थेंब कुणाच्या अंगावर उडाला नाही. आणि ही कार्टी त्यांच्यात डोकं बुडवून येणार. मला तिची काळजी वाटते असं मी शेजाऱ्यांना सांगतो. तुला सांगायला हरकत नाही, मला जळफळाट होतो.

ती तुझ्यावर गेली आहे. तू सांगायचीस, "रझाकारांच्या वक्ताला पोरींला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. पोलीस अ‍ॅक्शन झाली अन् आमाला नदी परत भेटली." त्या उन्हाळ्यात तू पोटाला सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहायला शिकलीस, आणि लग्न होऊन औरंगाबादेत आलीस तरी माहेरी पैठणला गेलं की पहिल्यांदा घाटावर. मी शाळकरी आहे, अजून धरण झालेलं नाही, नदी आपल्या मनानं वाहते आहे. तू लुगड्याचा काचा मारून उतरतेस. ताईला पाण्यावर पालथी घालतेस आणि तिच्या पोटाखाली तुझा तळहात. "पाय मार, पाय! मी धरलंय नं." मी पायरीवर. माझा कान वाहतो, गुलमंडीतल्या डॉक्टरांनी पाण्याला बंदी केलेली आहे, कानात तेलाचा कापूस आहे आणि पुढ्यात सगळ्यांच्या चपला. "इथंच बस. चपला सांभाळ. उठशील तर बघ." मग मी काय करणार? शाळेत नुकतं शिकवलेलं शब्दरूप मोठ्यानं म्हणतो. नदी नद्यौ नद्यः. समोर नदी वाहते आणि मी तिला आठही विभक्तींत चालवतो. धुणं धुणारी एक बाई म्हणते, "पोरगं हुशार आहे हो तुमचं." तू हनुवटीपर्यंत पाण्यात, ताईवरची नजर न काढता म्हणतेस, "व्हय, कोरडं हाय तवर हुशार."

संबोधनात 'नदी'चं 'नदि' होतं, हे मला त्या पायरीवरच फार आवडलं होतं. हाक मारताना शेवटचा स्वर आखडतो, घरच्या माणसाचं नाव आपण तोडून घेतो तसा. मी तशी हाक पुष्कळ मारली. तळहात मात्र ताईच्याच पोटाखाली राहिला. पुढं कान बरा झाला, पण तोवर मी मोठा झालो होतो आणि तू म्हणालीस, "आता एवढ्या घोड्याला कोण धरतंय?"

तर आता उस्ताद. छावणीत राहतो, फौजेत पूल बांधायच्या पलटणीत होता आणि डोंगरातल्या नद्यांवर पुष्कळ वर्षं काढली. तिला कयाक त्यानं शिकवली. मिशीला मेंदी लावतो. वय विचारलं नसताना सांगतो, "बासष्ट का हूँ, लेकिन घुटने चालीस के." तुझी नात त्याला 'उस्ताद' म्हणते. मला आयुष्यभर विद्यार्थी 'सर' म्हणत आले, जो शब्द लोक बँकेतल्या शिपायालाही वापरतात. उस्ताद! काय भारदस्त शब्द आहे. आणि ती तो म्हणताना मान अशी तिरकी करते, जी माझ्यापुढं कधी झालेली मला आठवत नाही.

होळी होऊन गेल्यावर एका रविवारी तो चहाला आला. बशीत ओतून प्यायला, नकाशावर वाकला आणि मला म्हणाला, "प्रोफेसर साब, नद्दी कू पढना पडता."

"वाचनाचं खातं आमच्याकडं आहे," मी म्हणालो.

"हौ. लेकिन आपकी किताब भागती नै ना."

तुझी नात खुदकन हसली. सुनेनंही पदर तोंडाला लावला, हे मी पाहिलं. मी म्हणालो, "पळत नाही, पण विद्यार्थी पळतात." या माझ्या वाक्यावर कुणी हसलं नाही.

मग मुद्दा निघाला. या नद्यांत वर उतरायचं आणि पार खाली, दुसऱ्याच गावापाशी निघायचं. म्हणून कुणीतरी गाडी घेऊन रस्त्यानं खाली यावं लागतं, आणि रस्ता नदीजवळ येईल तिथं थांबून, हातात दोराची थैली घेऊन उभं राहावं लागतं. कुणी होडीतून निसटलाच तर दोर फेकायचा. हे काम उस्तादनं करायचं असं ठरलं होतं. पण तो चहा संपवून म्हणाला, "गाडी हौर कोई चलाया तो मैं पानी में उतर सकता. मैं आगे रहा तो बच्चे पीछे मेरी लकीर पे आते. नै तो मैं रोड पे क्या करूँगा? हॉर्न बजाऊँगा." आणि माझ्याकडं पाहिलं. पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. नकाशावरच्या एका वळणाला पुन्हा लाल करत म्हणाली, "बाबा, तुम्हाला घाटात गाडी चालवायला आवडते ना?"

"मला घाट चढायला आवडतात," मी म्हणालो. "घाटावर बसायला नाही."

तिला ते कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मी पुढं म्हणालो, "बघू." यावर तुझी सून भांड्यांशी बोलल्यासारखी म्हणाली, "यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'च असतं. फक्त ते उशिरा पोहोचतं."

नंतरचे काही दिवस मी घरात अत्यंत सौजन्यानं वागलो, म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पोरगी दोनदा विचारून गेली, मी सुट्ट्यांचं कारण सांगितलं. एकदा म्हणाली, "नाही जमलं तर उस्ताद चालवतील गाडी. आम्ही चौघं जाऊ पाण्यात." आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर बरं झालं असतं, मला तिथं जागा आहे असं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात वर्गात व्युत्पत्ती शिकवत होतो. स्नातक म्हणजे न्हालेला. निष्णात म्हणजे चांगला न्हालेला. पारंगत म्हणजे पैलतीरी पोचलेला. आपल्या लोकांनी विद्येला पाण्यावाचून शब्दच ठेवला नाही, असं काहीसं मी रंगात येऊन म्हणालो, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मग सर, तुम्ही निष्णात कसे?"

"लक्षणेनं," मी म्हणालो. वर्ग हसला, मीही हसलो, तास सुटला.

घरी येताना मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकाशी स्कूटर थांबवून उभा होतो. गाडी यायची होती. उगाच मनात एक वाक्य जुळवत होतो, मला उस्ताद पाण्यात का नको याचं. जुळलं ते असं: उस्ताद रस्त्यावर हवा, म्हणजे अनोळखी नदीत पोरीच्या पुढं कुणी नको. आई, व्याकरणात काही चूक नव्हती. कर्ता मी होतो. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, सो गये क्या?" तेव्हा निघालो.

घरात पोरगी आणि उस्ताद फरशीवर दोर गुंडाळत बसले होते. मी चप्पल काढता काढता म्हणालो, "गाडी मी चालवतो." तुझ्या नातीनं उस्तादच्या हातावर टाळी दिली. उस्तादच्या! मग लगेच, "पहिल्या वळणावर डावीकडून ना उस्ताद?" आणि दोघांची डोकी नकाशावर. मी तिथं थोडा वेळ उभा होतो. सून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "अहो, बसा. पोचलं सगळ्यांना."

काल गच्चीवर मला दोर फेकायला शिकवलं. थैलीचं एक टोक आपल्या हातात, बाकी दोर सुटत सुटत बुडणाऱ्याकडं जायला हवा. पोरगी पार पलीकडच्या कठड्याशी उभी राहिली, दोन्ही हात वर करून. "बुडतेय मी बाबा, टाका!" पहिला दोर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला. सुनेच्या तोंडून जे निघालं ते संस्कृतात नव्हतं. दुसरा दोर शेजारच्यांच्या गच्चीत गेला. "जरा पहले फेंको, प्रोफेसर साब," उस्ताद म्हणाला, "वो जहाँ है वहाँ नक्को, जहाँ आनेवाली है वहाँ." ती कठड्याच्या कडेनं हात हलवत चालू लागली, वाहत आल्यासारखी, आणि मी तिच्यापुढच्या रिकाम्या जागेत थैली भिरकावली. दोर सुटत गेला आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला. तिचं वजन माझ्या तळहातात आलं. खरंखुरं, ओढून बघावं एवढं. ती म्हणाली, "धरलं बाबा! ओढा!" मी ओढलं.

उस्ताद टाळ्या वाजवत होता. तो त्या वेळी तिथं नसता तर फार बरं झालं असतं.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. वाचून तू तशीच निघाली असतीस, काचा मारून, आणि या पोरीनं एका क्षणात तुला होडीत बसवलं असतं. मग तुम्ही दोघी मिळून मला दोर नीट धरायला सांगत बसला असतात. म्हणून हे इथंच राहू दे. काल गच्चीवर उस्ताद नको होता, हे तर झालंच. आई, तूही नको होतीस.